पोरगी नाटकं करत नाहीये, खांदा खरंच दुखतोय तिचा

नमस्कार दादा,

तुमची लेक बीएस्सी रेडिओलॉजीची इंटर्नशिप करतेय, कंबर आणि उजवा खांदा दुखतो म्हणून सगळं सोडायचं म्हणते, आणि तुम्ही लिहिलंय, "एसीत बसून बटण दाबायचं, त्यात कसलं दुखणं, नाटकं आहेत, तुम्हीच समजवा." तिच्या मार्कांची मला काळजी नाही, ते चांगलेच आहेत. 'नाटकं' या शब्दाची आहे. घरात कोणी ऐकून घेत नसलं की पोरं दुखणं अंगावर काढतात आणि मग ते वाढतच जातं.

बटण दाबणं हे सगळ्यात शेवटचं काम हो. रात्री खुब्याचं हाड मोडलेल्या आजी येतात, वॉर्डबॉय जागेवर नसतो, मग ही आणि आजींचा मुलगा मिळून त्यांना स्ट्रेचरवरून टेबलावर घेतात. तिथून पोर्टेबल एक्स-रे मशीन ढकलत आयसीयूत, अंगावर किरणं अडवणारा काही किलोचा लेड अ‍ॅप्रन, आणि बेशुद्ध पेशंटच्या पाठीखाली वाकून प्लेट सरकवायची. हे दिवसातून कितीदा होतं ते तिलाच विचारा.

"किरणांमुळे दुखत असेल का" असंही विचारलंय तुम्ही. नाही. एक्स-रे काढताना कामगाराला मिळतो तेवढ्या डोसने खांदा-कंबर दुखत नाही. तिचा टीएलडी बॅज असेल, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला, त्याचं रीडिंग मागून बघा, एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, कामगारांसाठीची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) आहे, त्याच्याशी ताडून बघा म्हणजे मनातली शंका जाईल. दुखतंय ते वजन उचलून आणि वाकून, आणि ते बरंचसं कमी करता येतं.

आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग फिजिओथेरपी. विभागप्रमुखांना लेखी कळवू दे. स्ट्रेचर टेबलाच्या उंचीला आणून, ब्रेक लावून, पेशंटला चादरीने सरकवायचं, तेही एकटीने कधीच नाही. अ‍ॅप्रन दोन भागांचा मिळाला तर बघा, त्यातलं बरंच वजन खांद्याऐवजी खुब्यांवर येतं. सीटी-एमआरआयला गेली की सुटली असंही नाही, पेशंट तिथेही हलवावे लागतात.

सरकारी भरती, रेल्वेची रेडिओग्राफरची परीक्षा वगैरे नंतर बघू. कोर्स सोडायचा की नाही हेही दुखणं उतरल्यावर तिलाच ठरवू द्या.

आणि राग मानू नका, पण फीचा आकडा पत्रात तुम्ही चार वेळा लिहिलाय, खांदा कधीपासून दुखतोय ते एकदाही नाही. आज जेवताना विचारा तिला, आणि ती काय म्हणते ते मला कळवा.