मग आजी भेटेल की नाही?

"उत्क्रांती खरी मानली तर माझा विश्वास खोटा ठरतो का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी येतं. बहुतेक वेळा ख्रिस्ती घरातलं अकरावी-बारावीचं मूल, कधी त्याची आई. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत अशीच एक मुलगी आली. तिची आणि घरच्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून तिच्याबद्दल लिहिते आहे.

बारावी सायन्स, नीटची तयारी. आई सांगत होती, पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी असते, जेवण निम्म्यावर आलंय, आणि सराव परीक्षेत एका धड्याचे सगळे प्रश्न कोरे सोडते. "बाकी सगळं येतं तिला, मॅडम. हा एकच धडा उघडत नाही." धडा उत्क्रांतीचा.

क्लासमध्ये एकदा सरांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं होतं, "तुमच्या बायबलात सहाच दिवस ना? मग डायनासोर कुठल्या दिवशी?" वर्ग हसला. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली, असं आहे. त्याच आठवड्यात नात्यातल्या कुणीतरी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. उत्क्रांती मानणारा तारणाला, म्हणजे देवाकडून मिळणाऱ्या मुक्तीला, मुकतो, असं त्यात एक प्रचारक ठासून सांगत होते. सर आणि प्रचारक एकमेकांच्या दारात उभे राहणार नाहीत, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: दोन्हीपैकी एकच निवड. सतरा वर्षांच्या पोरीला दोन्ही बाजूंनी तेच ऐकायला मिळालं.

मला मात्र वेगळंच काहीतरी खटकत होतं. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ ही अवशेषांगं, म्हणजे उपयोग न उरलेले अवयव. पेरिपेटस, डकबिल प्लॅटिपस हे जोडणारे दुवे, म्हणजे दोन गटांची लक्षणं असलेले प्राणी. हे सगळं तिने तेव्हा पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते आणि रविवारी उपासनेला जाऊन गायली होती. तेव्हा झोप उडाली नव्हती. मग दोन वर्षांत काय बदललं?

दुसऱ्या भेटीत मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. वर भीती लिहायची, तिच्याखाली "मग काय होईल?" याचं उत्तर, त्याच्याखाली परत तेच. मी काही बोलायचं नाही. तिने लिहिलं: उत्क्रांती खरी आहे. मग उत्पत्तीचा पहिला अध्याय खोटा. मग बायबलवर भरवसा ठेवता येणार नाही. मग पुनरुत्थानही, म्हणजे ख्रिस्त कबरेतून उठला आणि मेलेलेही उठतील हे, खरं कशावरून. इथे पेन थांबलं, बराच वेळ. मग अगदी बारीक अक्षरात शेवटची ओळ आली: मग आजी भेटणार नाही.

आजी आदल्या वर्षी प्रभूत निजल्या होत्या. या मुलीला त्यांनीच वाढवलं. रोज संध्याकाळची प्रार्थना त्या घ्यायच्या. दवाखान्यात शेवटच्या दिवशी नातीचा हात धरून म्हणाल्या होत्या, "रडू नको, आपण भेटणार आहोत." त्या एका वाक्यावर पोरगी वर्षभर उभी होती. तो धडा उघडला की तेच वाक्य हातातून निसटेल, असं तिला वाटत होतं.

म्हणून पालकांना कळकळीने सांगते, मूल असा प्रश्न घेऊन आलं की लगेच "हे सैतानाचं आहे" म्हणू नका, आणि "पुस्तकातलं पाठ कर, मार्क मिळव, मनातलं मनात ठेव" असंही सांगू नका. पहिल्याने ते घाबरतं, दुसऱ्याने एकटं पडतं. प्रश्नाच्या मागे काय उभं आहे ते आधी विचारा.

पण प्रश्नाचं उत्तरही द्यावं लागतं. नुसतं "दुःख आहे, जाईल" म्हणून हुशार मुलीची समजूत पटत नाही. मी स्वतः मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली आहे आणि उत्क्रांतीचा पुरावा भक्कम आहे असं मानते, हे तिने विचारल्यावर लपवलं नाही. तिने काय मानावं हे ठरवणं मात्र माझं काम नव्हतं. मी एवढंच दाखवलं की 'एकच निवड' हे सगळ्या ख्रिस्ती लोकांनी कधीच मानलेलं नाही. सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर आधीचे तीन दिवस कसले? हा पेच संत ऑगस्टीन यांना दीड हजार वर्षांपूर्वी पडला होता, आणि ते दिवस कशा प्रकारचे हे सांगणं फार कठीण, असं त्यांनी लिहून ठेवलं. सृष्टीच्या निर्मितीचं वर्ष इ.स.पू. ४००४ हे बायबलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. सतराव्या शतकात आर्चबिशप जेम्स अशर यांनी वंशावळी आणि जुन्या राजांचा काळ यांचा हिशेब घालून ते काढलं. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ साली निघालं, तेव्हा अमेरिकेत त्याची बाजू मांडणारे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होते. मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स आजही उत्क्रांती आणि आपला ख्रिस्ती विश्वास, दोन्ही उघडपणे सांगतात. आणि अमेरिकन मिशनरी वाइल्डर कोल्हापुरात आले ते १८५२ साली. म्हणजे इथली मंडळी या वादाइतकीच जुनी आहे, आणि वाद होऊनही ती उभी आहे.

तिने सगळं ऐकलं आणि नेमक्या जागी बोट ठेवलं. "पण बायबलातल्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल आदामाचं, पहिल्या माणसाचं, नाव घेतोच की. आदामामध्ये सगळे मरतात, ख्रिस्तामध्ये जिवंत होतील. आदामच नसेल तर?" हा प्रश्न खरोखर अवघड आहे. तिच्या परवानगीने मी पाळकसाहेबांना, म्हणजे त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंना, बोलावलं. त्यांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाले, "इथे ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. काही जण आदाम हा खरोखर होऊन गेलेला एक माणूस होता असं मानतात, मीही त्यांतलाच. काहींना तो सगळ्या मानवजातीचा प्रतिनिधी वाटतो. पण उपासनेत आपण उभं राहून विश्वास कबूल करतो, त्यात देवाला आकाश आणि पृथ्वीचा उत्पन्नकर्ता म्हणतो. किती दिवसांत, हे त्यात नाही. तुझ्या आजीची आशा रिकाम्या कबरेवर होती बाळ, दिवसांच्या मोजणीवर नव्हती." तिचं मत त्यांच्याहून वेगळं झालं तरी मंडळीत तिची जागा आहे, हेही त्यांनी वडिलांसमोर सांगितलं. माझ्या दहा भेटींनी झालं नसतं ते त्या वाक्याने झालं.

वडील बोअर मारायच्या धंद्यात आहेत. मंडळीच्या पंचांपैकी, कमी बोलणारे. व्हिडिओ पाहून त्यांनीच घरात म्हटलं होतं, "हा विषय नको." आता ते घरी जाऊन लेकीशी बोलले, आणि बोलता बोलता गाडी त्यांच्या रोजच्या कामावर आली. बोअर मारताना आधी मुरूम, मग काळा फत्तर, राखाडी भुकटी वर येत राहते. मधेच भुकटी तांबडी होते, गेरूसारखी. मग परत काळा. वीस वर्षं ते हे बघत आले होते. लेकीने सांगितलं, "पप्पा, हा काळा म्हणजे लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तांबडा थर म्हणजे एक लाव्हा थंड होऊन झिजला, त्याची माती झाली, मग तिच्यावर दुसरा आला."

पुढच्या भेटीला वडील स्वतः आले. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत मूठभर तांबडी भुकटी. "दगडाची अशी माती व्हायला किती वर्षं लागत असतील, मॅडम?" मी उत्तर द्यायच्या आधी लेक म्हणाली, "हजारो, पप्पा." ते पिशवी चाचपत राहिले. मग म्हणाले, "देवाला घाई नव्हती म्हण की." सहा दिवसांबद्दलचं त्यांचं मत बदललं की नाही, मी विचारलं नाही. लेकीने त्यांच्यासमोर तो धडा उघडून वाचला, एवढं मला पुरेसं होतं.

सराव परीक्षेत आता ती ते प्रश्न सोडवते. रात्रीची जाग मात्र पूर्ण गेलेली नाही, आणि जाईल तेव्हा जाईल. आता आमच्या भेटीत उत्क्रांती क्वचितच येते. गेल्या आठवड्यात तिने आजींचं बायबल आणलं होतं. उत्पत्तीच्या पहिल्या पानाचा कोपरा झिजून मऊ पडलाय, आणि त्यावर हळदीचं एक बोट उमटलंय. स्वयंपाक अर्धा टाकून आजी वाचायला बसायच्या, ती सांगत होती. त्या बोटाच्या ठशावर तिने स्वतःचं बोट ठेवून बघितलं. तिचं थोडं लहान आहे.