मेडिकलला जाण्याआधी एवढं कर

मित्रा, सैन्यभरतीच्या मेडिकलचं नाव काढलं की पोरं उंची आणि छातीचीच काळजी करतात. अडतं ते बारीकसारीक गोष्टींत. कानात मळ असेल तर पडदाच दिसत नाही. तो आधीच डॉक्टरकडून काढून घे, काड्या घालत बसू नकोस. लेन्स वापरत असशील तर काही दिवस बंद कर, नाहीतर नंबर चुकीचा येऊ शकतो. रंगांधळेपणा तपासणारी, ठिपक्यांतले आकडे ओळखायची इशिहारा चाचणी पाठ करण्यात वेळ घालवू नको. आदल्या दिवशी दमवणारा व्यायाम टाळ, लघवीत प्रथिनं दिसू शकतात. कपडे उतरवून हर्निया, हायड्रोसील (अंडकोषात पाणी साठणं), सपाट तळवे, गुडघे बघतात. लाजायचं कसलं? डॉक्टरांसाठी तू रांगेतला पुढचा नंबर.

जुनं ऑपरेशन, फ्रॅक्चर किंवा दमा लपवू नको. व्रण दिसतोच, आणि खोटं उघडं पडलं तर आजारापेक्षा तेच महागात पडतं.

तुझ्या भरतीत मुलाखतही असेल, तर तिथे फॉर्मवर लिहिलेलंच उलटसुलट विचारतात. ‘सैन्यातच का?’ यावर देशसेवेचं भाषण सगळेच ठोकतात. त्यापेक्षा ज्या शाखेसाठी अर्ज केलायस, तिथलं रोजचं काम सांगता येऊ दे. एखादं उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हण आणि गप्प बस.