‘ब्लेड: द सीरिज’ एकाच सीझननंतर का बंद पडली? आज बघण्यासारखी आहे का?

तुम्ही विचारलंय की, व्हॅम्पायरांची शिकार करणाऱ्या, स्वतः अर्धा व्हॅम्पायर असलेल्या ब्लेडची ही मालिका 13 भागांत का गुंडाळली, ज्यांनी बघितली त्यांचं मत काय होतं आणि अर्धवट सुटलेली मालिका आता बघायला घ्यावी का. मी ती दोनदा बघितली आहे. पहिल्यांदा दुसऱ्याच भागाला सोडून दिली होती, काही वर्षांनी पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत बघितली. दोन्ही वेळचं माझं मत एकमेकांच्या अगदी उलट होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा बघताना आम्ही घरातले तिघं होतो. दादाला वेस्ली स्नाइप्सने केलेले ब्लेडचे तिन्ही चित्रपट (1998, 2002 आणि 2004 चे) संवादांसकट पाठ. तो अगदी सरसावून बसला होता. मालिकेतला ब्लेड, म्हणजे स्टिकी फिंगाझ पडद्यावर आला, काळा कोट, काळा चष्मा, पाठीला तलवार. दादाने पाचेक मिनिटं मान तिरकी करून बघितलं, म्हणाला, “हा ब्लेड नाही,” आणि उठून गेला. त्याच्या नादाने माझंही मन उडालं. वहिनीला मात्र चित्रपटांशी काही देणंघेणं नव्हतं. ती पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, “ती मुलगी परत कधी येणार?” मालिकेबद्दल लोकांची जी दोन मतं आहेत, ती त्या संध्याकाळी आमच्याच खोलीत होती.

ती मुलगी म्हणजे क्रिस्टा स्टार. जिल वॅग्नरने ती भूमिका केली आहे. क्रिस्टा इराकच्या युद्धातून डेट्रॉइटला घरी परतते तर जुळा भाऊ झॅक मेलेला. त्याला कुणी मारलं हे शोधता शोधता ती मार्कस व्हॅन सायव्हर नावाच्या बड्या असामीपर्यंत पोचते. हा मार्कस शहरातल्या व्हॅम्पायरांच्या ‘हाउस ऑफ थॉन’ या घराण्यातला वजनदार माणूस. व्हॅम्पायर व्हायला मिळेल या आशेवर त्यांची चाकरी करणारी माणसं असतात, त्यांना फॅमिलियर म्हणतात. झॅक त्यांच्यातलाच, पण आतून ब्लेडला खबर पुरवणारा. पुढे मार्कसचं रक्त क्रिस्टाच्या अंगात टोचलं जातं आणि ती बदलायला लागते. ब्लेड तिला सिरम, म्हणजे रक्ताची भूक दाबणारं औषध देतो आणि भावाचं अपुरं राहिलेलं काम तिच्यापुढे ठेवतो: मार्कसच्या घरात राहायचं आणि आतून खबर द्यायची.

माझ्या मते ही मालिका क्रिस्टाचीच आहे, नाव तेवढं ब्लेडचं. तुम्ही ब्लेडसाठी बसलात तर पदोपदी हिरमोड होईल, क्रिस्टासाठी बसलात तर उठवणार नाही.

लोकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. स्टिकी फिंगाझ हा मूळचा ऑनिक्स या गटातला रॅपर. त्याचा ब्लेड कमी बोलतो आणि बोलतो तेव्हा सगळं एकाच पट्टीत. स्नाइप्स नुसता उभा राहिला तरी त्यात एक लय असायची, ती इथे नाही. मारामाऱ्याही पुढेपुढे सारख्याच वाटायला लागतात. ब्लेडचा साथीदार शेन मला आवडतो, पण त्याच्या वाट्याला बराचसा वेळ हत्यारं जुळवणं आणि माहिती सांगणं एवढंच येतं. फसवलं गेल्यासारखं वाटणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मला पटत नाही. ‘ब्लेडच्या मालिकेत ब्लेडच बाजूला’ हा त्यांचा राग. 1973 साली मार्व्ह वुल्फमन आणि जीन कोलन यांनी हे पात्र ‘द टूम ऑफ ड्रॅक्युला’ या कॉमिक्समध्ये आणलं, ते दुसऱ्याच्या गोष्टीतला एक व्हॅम्पायर-शिकारी म्हणून. मध्यभागी त्याला चित्रपटांनी बसवलं. त्यामुळे मालिकेने त्याला थोडं कडेला ठेवलं यात मला काही वावगं वाटत नाही. डेव्हिड गोयर आणि जेफ जॉन्स हे लिहिणारे दोघेही कॉमिक्समध्ये मुरलेले, आणि गोयर तर तिन्ही चित्रपटांचा लेखक. त्यांना आपण काय करतोय हे कळत होतं.

खरी मजा मार्कसच्या घरात आहे. नील जॅक्सनने तो माणूस असा उभा केलाय की त्याचा राग येता येता त्याचं म्हणणं ऐकावंसं वाटतं. या जगात व्हॅम्पायरांचे दोन प्रकार आहेत: जन्मजात, म्हणजे प्युअरब्लड, आणि माणसाचे व्हॅम्पायर झालेले. मार्कस दुसऱ्या प्रकारातला. पैसा, अक्कल, सत्ता सगळं त्याच्याकडे आहे, तरी प्युअरब्लडांच्या बैठकीत त्याची पायरी खालची ती खालचीच. शार्लट नावाची प्युअरब्लड आहे, दिसायला लहान मुलगी, वयाने आणि अधिकाराने मार्कसपेक्षा कितीतरी मोठी. एवढा मोठा माणूस त्या पोरीसमोर आवाज खाली आणून बोलतो. त्याच्या चेहऱ्यावर हसू असतं आणि जबडा मात्र आवळलेला. कर्तबगारी असून जन्मावरून हिणवला गेलेला माणूस कसा गप्प बसतो, हे जॅक्सनने एक शब्द जास्त न बोलता दाखवलंय. व्हॅम्पायरांना ऊन, चांदी, लसूण कशाचंच भय उरू नये म्हणून चाललेली त्याची लस, तो ऑरोरा प्रकल्प, हे सगळं याच अपमानातून आलंय असं कळायला लागतं तेव्हा गोष्टीचा रंगच बदलतो. तिथून पुढे तो नुसता खलनायक वाटत नाही.

आणि या माणसाच्या छताखाली क्रिस्टा राहते. सिरम भूक दाबून ठेवतं, संपवत नाही. बाहेर ब्लेड तिच्यावर पूर्ण विश्वास टाकत नाही. आत मार्कस मात्र तिला जवळ करतो, मान देतो. युद्धावरून आलेल्या, भाऊ गमावलेल्या मुलीला मान कुठे मिळतोय, तर शत्रूच्या घरात! दुसऱ्यांदा बघताना माझं सगळं लक्ष वॅग्नरच्या डोळ्यांकडे होतं. पहिल्या भागांत मार्कस खोलीत आला की ती आधी दाराकडे बघते, निसटायची वाट हेरल्यासारखी. पुढे पुढे ती त्याच्याकडेच बघायला लागते. पहिल्यांदा घाईघाईत सोडली तेव्हा हे माझ्या नजरेत येणं शक्यच नव्हतं.

आता बंद का पडली. अमेरिकेतल्या स्पाइक वाहिनीवर 28 जून 2006 ला पहिले दोन भाग एकत्र दाखवले आणि 13 सप्टेंबरला शेवटचा भाग झाला, पुरते तीन महिनेही नाहीत. ‘कुणी बघितलीच नाही म्हणून गेली’ असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. पहिल्याच रात्री सुमारे 25 लाख प्रेक्षक होते, त्या वाहिनीच्या मानाने हा आकडा चांगलाच होता. पुढे जेफ जॉन्सनेही सांगितलं की प्रेक्षक होते, पण वाहिनी तुलनेने नवी होती आणि मालिकेचा खर्च तिला झेपण्यातला नव्हता. ते पटण्यासारखं आहे. रात्रीचं चित्रीकरण, स्टंटची माणसं, आणि मरणारा प्रत्येक व्हॅम्पायर राख होऊन उडताना दाखवायचा म्हणजे संगणकावरचं वेगळं काम. डेट्रॉइट म्हणून दाखवलेलं शहर कॅनडातल्या व्हँकुव्हरला चित्रित केलंय, तरीही खर्च जमला नाही.

माझं स्वतःचं एक मत यात घालतो. त्या वाहिनीचा प्रेक्षक मुख्यतः तरुण पुरुष, कुस्त्या आणि ‘द अल्टिमेट फायटर’सारखे झुंजींचे कार्यक्रम बघणारा. त्याला जाहिरातीत तलवार दाखवली आणि मालिकेत एका बाईची घुसमट. हे लेखन ज्यांना आवडलं असतं ते त्या वाहिनीकडे फिरकत नव्हते, आणि जे फिरकले त्यांना दुसरंच काहीतरी हवं होतं. वहिनीसारखे प्रेक्षक मालिकेला आधी भेटले असते तर, असं मला राहून राहून वाटतं.

रद्द होण्याचं दुःख व्हॅम्पायरांच्या मालिकांना तसं नवीन नाही. ‘एंजल’ पाच सीझन आणि 110 भागांनंतर 2004 मध्ये बंद झाली तेव्हा चाहत्यांनी फिरता फलक लावून मोहीम काढली. ‘मूनलाइट’चे 16 भाग झाले, मधे लेखकांचा संप आला, चाहत्यांनी मालिका वाचावी म्हणून रक्तदान केलं, तरी 2008 मध्ये ती गेलीच. पण ‘एंजल’ला निदान नीट निरोप घेता आला. ब्लेडच्या बाबतीत मला जास्त लागतं ते याचं, की तिला तीही सवड मिळाली नाही.

म्हणून बघायला घ्यायची असेल तर एवढं करा. चित्रपट बघून लगेच लावू नका, मधे काही महिने जाऊ द्या. पहिले दोन भाग सलग बघा, ते एका चित्रपटासारखेच आहेत, आणि निदान पाचव्या भागापर्यंत निर्णय घेऊ नका. शेवट सांगत नाही. फक्त मनाची तयारी ठेवा की बरेच धागे मोकळे सुटतात, आणि ते पुढे कुठेही बांधलेले नाहीत.

दुसऱ्यांदा मी बघत होतो तेव्हा दादा येता-जाता उभा राहायचा, नंतर खुर्ची ओढून बसायला लागला. स्टिकी फिंगाझबद्दलचं त्याचं मत बदललेलं नाही. पण शेवटचा भाग संपला आणि वहिनी म्हणाली, “पुढच्या सीझनमध्ये मार्कसच्या खुर्चीत क्रिस्टाच बसली असती,” तर हा तिच्याशी तासभर भांडला की नाही, ती ब्लेडला सोडून जाणं शक्यच नाही. मला वहिनीचं पटतं. तुमचं बघून झालं की तुम्हाला काय वाटलं ते नक्की लिहा.