रात्रपाळी आणि दिवसाची झोप : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझे मिस्टर हिंगणा एमआयडीसीत मशीनवर आहेत. महिन्यातून दोन आठवडे नाईट असते. सकाळी सातला घरी येतात, आठला झोपतात आणि एकच्या आत उठून बसतात. मग दिवसभर डोकं जड, चिडचिड. कूलर लावते, पोरांना गप्प बसवते, तरी झोप पुरत नाही. काय करावं?
– एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, आधी एक सांगतो. यात त्यांचा हट्ट नाही आणि तुमची कसूरही नाही. मेंदूत डोळ्यांच्या नसांच्या जरा वर पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे, तो शरीराचं घड्याळ चालवतो आणि उजेडावरून वेळ ओळखतो. अंधार पडला की मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक वाढतं, पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं, आणि सकाळ झाली की दोन्ही उलट फिरतात. तुमचे मिस्टर अंथरुणावर पडतात तेव्हा शरीर त्यांना उठवायला निघालेलं असतं. म्हणून रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप बहुधा पाच-सहा तासांवर तुटते.

त्यात आपल्याकडचा मे महिना. कूलर आहे, पण तो कसा लावलाय ते बघा. कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. अंधारासाठी सगळी दारं-खिडक्या गच्च लावली की तासाभरात खोली दमट होते, घाम सुकत नाही आणि माणूस चिकचिकाटानेच जागा होतो. उलट खिडकी उघडी ठेवली तर ऊन थेट डोळ्यांवर. यावर उपाय असा : कूलर बसवलेल्या खिडकीचा उरलेला भाग पुठ्ठा किंवा प्लायवूडने झाका. दार वीतभर उघडं ठेवून त्यावर जाड चादर टांगा. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा, एक्झॉस्ट फॅन असेल तर तो सुरू करा. हवा त्या बाजूने निघून जाते आणि खोलीत अंधार राहतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पन्नास लिटरची टाकी पाच-सहा तासांत तळ गाठू शकते. आठला भरलेली टाकी एक-दोनच्या सुमारास कोरडी पडते, पंप नुसताच घुरघुरतो आणि पंखा गरम वारा फेकू लागतो. ‘झोप आपोआप उघडते’ असं वाटतं, त्यात पुष्कळदा टाकीचा हात असतो. नळाची पाइप आणि फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) जोडून घ्या. ते जमत नसेल तर अकराच्या आसपास बाहेरूनच बादलीभर पाणी टाका. पंप साडेसातलाच सुरू करा, म्हणजे गवत भिजून खोली आधीच गार होईल. कूलरचा एकसुरी आवाज तर उपयोगाचाच, भाजीवाल्याची आरोळी आणि कुकरची शिट्टी त्यात बुडून जाते.

खोली निवडायची सोय असेल तर पश्चिमेची घ्या. ती तापते दुपारी तीननंतर. पूर्वेच्या खोलीत नेमकं निजायच्या वेळी ऊन येतं.

इतकं करूनही पाचच तास होत असतील तर उरलेली झोप संध्याकाळी भरून काढा. आठ ते एक रोज ठरलेली, आणि ड्यूटीआधी साडेसहा ते आठ पुन्हा दीड तास. तुकड्यातुकड्यांची झोपही झोपच असते. फक्त सकाळची वेळ रोज बदलू नका. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : ते झोपले असताना सिलिंडरवाला आला तरी त्यांना उठवायचं नाही. रात्री दोनला कुणी तुम्हाला उठवत नाही, तसंच हे.

येताना चौकातले तर्री पोहे खात असतील तर तर्री सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा. तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालं की छातीत जळजळ ठरलेली.

प्रश्न : बुटीबोरीहून सुटल्यावर वर्धा रोडने बाइकवर घरी येतो. मधला थोडा रस्ता आठवतच नाही, असं दोनदा झालं. निघण्याआधी कडक चहा घेतो. हे पुरेसं आहे का?
– एक ऑपरेटर

उत्तर : नाही. आणि उद्यापासून असे निघू नका, ही विनंती. रस्ता आठवत नाही म्हणजे बहुधा मधे काही सेकंद मेंदू झोपला होता. डोळे उघडे असले तरी असं होतं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. चार सेकंदांत ५५ मीटर, आणि हँडलवर कुणी नाही.

दुपारी एकला उठलेला माणूस सकाळी सहाला सतरा तास जागा असतो. सतरा तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, असं १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या प्रयोगात दिसलं. आपल्या कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे.

कंपनीची बस असेल तर तीच घ्या, थांबा लांब पडला तरी. बाइकच आणावी लागत असेल तर सुटल्यावर रेस्टरूममध्ये वीस मिनिटं झोपा. चहा घ्यायचा तर त्या झोपेच्या आधी, अर्धाच कप. कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे उठता उठता ते काम करू लागतं. अलार्म पंचवीस मिनिटांचा लावा. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं सुन्न असतं आणि त्या अवस्थेत गाडी आणखी धोक्याची. रोजचा मात्र हा मार्ग नाही, कारण कॅफिन निम्मं उतरायला पाचेक तास लागतात आणि घरची झोप बिघडते. पाळीतला शेवटचा चहा दोनच्या आत संपवा. तोंडावर पाणी मारणं, गाणी लावणं याने काही मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. वाटेत जांभया सुरू झाल्या तर गाडी बाजूला घ्या. घरी वीस मिनिटं उशीर झाला तर चालेल.

प्रश्न : वीजनिर्मिती केंद्रात शिफ्ट इन्चार्ज आहे. लॉगशीटवरच्या चुका बघितल्या तर बहुतेक पहाटे तीन ते पाचमधल्या. माणसं तीच, मग असं का?
– एक वाचक

उत्तर : कारण वर आलंच आहे, त्या वेळी शरीराचं तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला असतात. आधी माणूस ऐकलेलं विसरतो, मग एकच समजूत धरून बसतो. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी बिघाड सुरू झाला तो पहाटे चारच्या सुमारास. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह बंद आहे असं ऑपरेटर दोन तासांहून जास्त वेळ धरून चालले. पॅनलवरचा दिवा ‘बंद करण्याचा आदेश गेला’ एवढंच सांगत होता. सहानंतर पुढच्या पाळीच्या ताज्या माणसाच्या हे लक्षात आलं. पॅनलची रचना आणि प्रशिक्षण यांतही दोष होतेच, सगळं खापर झोपेवर फोडू नये. पण ताज्या नजरेचा धडा तुमच्या कामाचा आहे.

म्हणून व्हॉल्व्ह बदलणं, बायपास, परमिट अशी कामं शक्यतो दोनच्या आत उरका. तीननंतरचं प्रत्येक महत्त्वाचं रीडिंग दोघांनी घ्या : एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्वतः बघून लिहायचं. एकसुरी काम करणाऱ्याची जागा तासाभराने बदला. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात दिवे लख्ख ठेवा. पॅनलवर रिलीव्हर (बदली माणूस) बसवून आळीपाळीने वीस मिनिटांची झोप द्या, आणि उठल्यावर पंधरा मिनिटं पॅनलचा चार्ज देऊ नका. ही झोप चोरून घेण्यापेक्षा वेळापत्रकात लिहिलेली बरी.

पाळ्या फिरवताना फर्स्ट, सेकंड, नाईट असा क्रम ठेवा. शरीराचं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं. सलग सात नाईटपेक्षा दोन-तीन नाईट आणि मग ऑफ, हे आमच्या मते चांगलं.

प्रश्न : स्टाफ नर्स आहे. नाईट संपल्यावर झोपेची गोळी घेतली तर चालेल का? आणि ऑफच्या दिवशी कसं झोपावं?

उत्तर : स्वतःच्या मनाने गोळी नको. काही गोळ्यांची गुंगी पुढच्या ड्यूटीपर्यंत टिकते, आणि तुमच्या हातात इंजेक्शनची मात्रा असते. शेवटच्या नाईटनंतर सकाळी दीड-दोन तासच झोपा, दिवसा उजेडात राहा, रात्री नऊ-दहाला अंथरुणावर पडा. तीन महिने होऊनही झोप जमत नसेल, किंवा मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी नाईट लागताच वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.