क्षयासारख्या घातक जंतूंची जनुके प्रयोगशाळेत का बदलतात? त्यातून धोका वाढत नाही का?

आपण विचारले आहे की, क्षयाचा जंतू मुळातच जीवघेणा असताना त्याच्या जनुकांत ढवळाढवळ कशासाठी करायची, आणि आपल्या नातेवाइकांच्या थुंकीची जी सीबीनॅट तपासणी झाली तीही याच प्रकारातली आहे का. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार यांच्या या शहरात क्षय हा पुस्तकी विषय नाही, त्यामुळे पहिला प्रश्न वर्गातही हमखास येतो.

या जंतूचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये वाचून झाला. त्यात डीएनएची सुमारे ४४ लाख अक्षरे आणि जवळपास ४००० जनुके निघाली. परंतु यादी हाती आली म्हणजे प्रत्येक जनुकाचे काम कळले असे होत नाही. यंत्रमागाचा एकेक भाग काढून कापडात कोणता दोष येतो ते पाहावे, तसेच येथे करावे लागते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅन्ली फाल्को यांनी १९८८ मध्ये त्यासाठी निकषच मांडले: जनुक निकामी केल्यावर जंतूची रोग करण्याची क्षमता घटली पाहिजे आणि ते परत बसवल्यावर ती परतली पाहिजे, तरच त्या जनुकावर ठपका ठेवता येतो.

क्षयजंतूच्या बाबतीत हे काम फार रखडत होते. ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयजंतूला त्यासाठी जवळपास पूर्ण दिवस लागतो. अंडी घालून केलेल्या हिरवट माध्यमाच्या बाटलीत त्याच्या कोरड्या, सुरकुतलेल्या, मळकट पिवळसर वसाहती दिसू लागायला तीन ते सहा आठवडे जातात, आणि तोवर बाटलीत बुरशी शिरली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय त्याची भिंत मेणचट असल्याने बाहेरचा डीएनए सहजासहजी आत जात नाही. जंतूंनाच ग्रासणाऱ्या विषाणूंच्या, म्हणजे फाजच्या, आधारे या कुळातील जंतूंमध्ये डीएनए पोहोचवण्याची वाट १९८७ मध्ये सापडली. त्यानंतर बरीचशी कामे मायकोबॅक्टेरियम स्मेग्माटिस या भाऊबंदावर होऊ लागली, कारण तो सहसा रोग करत नाही आणि तीन-चार दिवसांत वाढतो.

याचा रुग्णांना काय लाभ झाला, हे विचारणे रास्तच आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरील औषध १९५२ पासून वापरात होते, तरी काही जंतू त्याला का जुमानत नाहीत याचे जनुकीय कारण १९९२ पर्यंत हाती लागले नव्हते. औषधाला दाद न देणाऱ्या स्मेग्माटिसमध्ये क्षयजंतूचे कॅटजी हे जनुक घातले, तेव्हा तो पुन्हा त्याच औषधाला बळी पडू लागला. म्हणजे औषध स्वतः निष्क्रिय असते, ते जंतूच्याच विकराने (एन्झाइमने) जागे होते, आणि ते विकर बिघडले की गोळी वाया जाते. बेडाक्विलिन या दुसऱ्या औषधाची कथा मला याहून महत्त्वाची वाटते. ते स्मेग्माटिसवरील चाचण्यांतून सापडले, आणि ते जंतूची ऊर्जा बनवणारी यंत्रणाच बंद पाडते, हे त्याला न जुमानणाऱ्या जंतूंचे जनुकसंच वाचून कळले. ते संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आज प्रतिरोधक क्षयाच्या रुग्णांना हे औषध आपल्याकडेही दिले जाते.

धोका अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. म्हणूनच जिवंत क्षयजंतूवरील असे काम हवेचा दाब नियंत्रित असलेल्या बंदिस्त प्रयोगशाळेतच होते (आमच्यासारख्या महाविद्यालयात नाही), आणि भारतात १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची त्यावर देखरेख असते. जिथे चालण्यासारखे असेल तिथे मुद्दाम पांगळे केलेले वाण वापरतात. त्यांतील काहींना एक जीवनसत्त्व बाहेरून पुरवले नाही तर ते वाढतच नाहीत. बहुतेक प्रयोगांत जंतूकडून काहीतरी काढून घेतले जाते किंवा जनुक तात्पुरते गप्प केले जाते. त्याची ताकद वाढेल अशा प्रयोगांची परवानगी मात्र अत्यंत काटेकोरपणे तपासली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीबीनॅटमध्ये यातले काहीच होत नाही. थुंकीचा नमुना ज्यात घालतात त्या काडतुसात जंतूच्या आरपीओबी या जनुकातील ८१ अक्षरांचा तुकडा वाढवून तपासला जातो, आणि त्यात बदल आढळला तर अहवालात रिफॅम्पिसिन प्रतिरोध, म्हणजे रिफॅम्पिसिन या क्षयावरील औषधाला जंतू दाद देत नाही, असे लिहून येते. तसे आले असेल, तर उरलेल्या औषधांसाठीच्या पुढील तपासण्या झाल्या आहेत का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.