गलीनाला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

गलीना हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं छोटं जुनं गाव, शिकागोहून साधारण तीन तासांचा ड्राइव्ह आहे पण प्लीज एका दिवसात उरकू नका, एक रात्र तरी राहाच. मेन स्ट्रीटवर शॉपिंग करून परत फिरणारे खूप बघितलेत, वाईट वाटतं हो. तिथे रस्त्याच्या तोंडाशी मोठाले हिरवे दरवाजे दिसतील ना, ते पुराचे, नदी चढली की बंद करतात. गाव शिशाच्या खाणींवर उभं राहिलं, नावही शिशाच्या खनिजाचंच, त्याला गलीना म्हणतात, पुढे नदी गाळाने भरली, धंदा गेला, मग जुन्या विटांच्या इमारती पाडून नव्या बांधणार कोण, म्हणून त्या वाचल्या. १८६५ मध्ये गावकऱ्यांनी जनरल ग्रँटना (अमेरिकन यादवी युद्धातले सेनापती, पुढे राष्ट्राध्यक्ष) दिलेलं घर नदीपलीकडे आहे, ते सकाळीच बघा. आणि आईबाबा सोबत असतील तर वरच्या गल्ल्यांत गाडीनेच जा, पायऱ्या फार आहेत.