केमो चालू आहे, सोबत औषधी मुळ्यांचं चूर्ण देऊ का?

नाशिकमध्ये कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांशी बोलताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारा बहुतेकदा मुलगा किंवा जावई असतो, आणि डॉक्टरांच्या कानावर यातलं काही घातलेलं नसतं.

सातपूरला कारखान्यात असलेला एक मुलगा (ओळख बदलली आहे). आईची केमो चालू. त्यानं मोबाइल पुढे केला. "मॅडम, मुळ्यांतल्या पॉलिसॅकराइडनं गाठ आक्रसते. संशोधन आहे."

"कोणाची गाठ?"

तो वाचत गेला. "उंदरांची."

"मुळी कुठली?"

"अ‍ॅस्ट्रॅगलस. चीनमधली." रविवार कारंजावरून आणलेल्या पुडीवर अश्वगंधा लिहिलं होतं.

संशोधन खोटं नाही, हे त्याला आधी सांगितलं. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. भाकरीतला स्टार्च आणि लाकडातला सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच. जोड वेगळा, म्हणून एक पचतो, दुसरा नाही. मुळ्यांतल्या साखळ्यांचे गुणही जोड, फांद्या आणि लांबीवर ठरतात. काही साखळ्या प्रतिकारपेशींना चेतवतात, असं प्रयोगांत दिसतं. पण त्या गरम पाण्यात उतरवून, अल्कोहोलनं साका बसवून, शुद्ध केलेल्या असतात. दुधात ढवळलेला चमचा म्हणजे ते नव्हे. शिवाय अश्वगंधानं काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोच्या कित्येक औषधांचा निचरा यकृतच करतं.

त्याला पटलं, पण चूर्ण सुटेना. मी पेशंटला घरापासून तोडून बघत नाही, आईंना बोलावलं.

"कडू लागत असेल, तरी घेता?"

"चमचा घेऊन येतो तेव्हाच हा माझ्यापाशी बसतो. एरवी दारातनंच विचारतो, जेवलीस का."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही नाही, अशा वेळी मध्ये न पडणं हे मी कमावलेलं कसब आहे. मग तो म्हणाला, "आई, तुझ्याकडं बघवत नाही गं."

तेव्हापासून चूर्णाचं नाव निघालं की मी आधी विचारते, ते कोण देतं आणि देताना काय बोलणं होतं.

तुमच्या घरी पुडी असेल तर लपवू नका. ती डॉक्टरांपुढे ठेवा. कधीपासून, किती चमचे, सगळं सांगा. त्यांना वनस्पतींचं वावडं नाही, केमोतलं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतूनच आलंय. चूर्णाच्या भरवशावर केमोची तारीख चुकवू नका. डॉक्टर बंद करा म्हणाले तर चूर्ण बंद करा, जवळ बसणं बंद करू नका.